तारा मिळतील, हात कुठून आणणार?

बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये पहिला पियानो घडवला. त्याच्या हातचे पियानो आज जगात तीनच उरले आहेत. १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, १७२२ चा रोममध्ये आणि १७२६ चा लाइपझिगमध्ये. रोमचा पियानो किडीने पोखरला आहे, तो वाजत नाही. लाइपझिगचाही आज वाजवण्याजोगा नाही. न्यूयॉर्कचा वाजतो, पण १९३८ मध्ये त्याचा साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा कंप घेऊन नाद मोठा करणारी लाकडी पाटी, काढून दुसरी बसवण्यात आली, आणि त्याच्या पट्ट्यांचा पल्लाही कधीकाळी मूळ स्वरांवरून हलवला गेला. जगातला सर्वांत जुना पियानो वाजतो खरा, पण क्रिस्तोफोरीने जो नाद ऐकला तो त्यातून ऐकू येत नाही आणि यापुढे कधी येणारही नाही.

न्यूयॉर्कच्या वाद्याचे हे नुकसान आगीने, पुराने किंवा युद्धाने केलेले नाही. माणसांच्या फेरफारांनी आणि दुरुस्तीने केले आहे. जुन्या ग्रँड पियानोंचे आज जगभर, आणि आपल्या मुंबई-गोव्यातही, तेच चालले आहे. काही वाद्ये हेळसांडीने जात आहेत आणि काही अर्धवट जाणत्यांच्या हातून ‘नवी’ होऊन जात आहेत. हेळसांडीने गेलेल्या वाद्याची निदान हळहळ तरी होते. चुकीच्या दुरुस्तीने गेलेले वाद्य दिवाणखान्यात चकाकत उभे असते, त्यामुळे ते गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. या दोन्हींना आळा घालू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे जाणता कारागीर. आणि वाद्यांच्या आधी तोच संपत चालला आहे.

ही वेळ आताच येण्याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्या शतकाची पहिली तीन दशके हा पियानोच्या भरभराटीचा काळ. स्टाइनवे, बेखस्टाइन आणि ब्ल्यूथनर या तिन्ही नामांकित पेढ्या १८५३ या एकाच वर्षी सुरू झाल्या. १९०९ साली एकट्या अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. त्या पिढीतल्या बहुतेक वाद्यांनी आता शंभरी ओलांडली आहे. चांगले वाळवलेले लाकूड आणि ओतीव बिडाची चौकट नीट सांभाळली तर पुष्कळ टिकते. पण तारांचा नाद अर्धशतकानंतर विझू लागतो, हातोड्यांवरचा नमदा कडक होतो आणि खुंट्या सैल पडतात. ज्या वाद्यांच्या तारा एकदा बदलून झाल्या, त्यांचीही दुसरी खेप आता आली आहे. काम एकदम वाढले आहे आणि करणारे ओसरले आहेत.

ज्या देशांनी हे वाद्य वाढवले, तिथलीच अवस्था पाहा. २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जुने पियानो कचराडेपोत कसे नेऊन टाकले जातात याची सविस्तर बातमी दिली होती. कारण सरळ होते. दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या बाजारभावाहून जास्त, आणि फुकट देऊ केले तरी न्यायला कोणी नाही. ब्रिटनमध्ये केंबल या पियानो पेढीने २००९ मध्ये आपला कारखाना बंद केला. संगीतकार शोपँच्या आवडीचे पियानो करणाऱ्या फ्रान्सच्या प्लेयेलने २०१३ च्या अखेरीस पॅरिसजवळचा कारखाना थांबवला. ब्रिटनमधल्या ‘हेरिटेज क्राफ्ट्स’ या संस्थेने पियानो घडवण्याचा व्यवसाय अतिसंकटग्रस्त हस्तकलांच्या यादीत घातला आहे. असा कारखाना बंद पडतो तेव्हा नवी वाद्ये थांबतातच, शिवाय जिथे पोरे उमेदवारी करून हा हुन्नर शिकत ती जागाही नाहीशी होते. जुन्या वाद्यांना हात लावण्याची लायकी ज्यांच्यात होती ते बहुतेक अशाच कारखान्यांत तयार झाले होते.

आता आपल्याकडे या. मुंबईत पियानो आला तो इंग्रज अधिकारी आणि व्यापाऱ्यांबरोबर, पण रुजला पारशी आणि गोवेकर घरांत, चर्चमध्ये, मिशनच्या शाळांत, क्लबांत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओंत. धोबी तलावावरच्या फुर्तादोंच्या वाद्यांच्या दुकानाची परंपरा १८६५ पासूनची. गोव्यात चर्चच्या पाठशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवली. त्याच मुशीतून निघालेले वादक मुंबईच्या बँडांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला जो भरघोस वाद्यमेळ दिला, त्यात पियानो होता. १९२२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या व्ही. बालसारांनी पियानोवर रागसंगीत वाजवून हे वाद्य आपल्या कानांना जवळचे केले. पियानो आमचा नाही, परक्यांचा आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. हार्मोनियमही पॅरिसचीच, अलेक्झांद्र दबँने १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. आज पेटीवाचून संगीत नाटकाची कल्पना कोणी करेल का? व्हायोलिन दक्षिणेत देवळापर्यंत पोहोचले. ज्या वाद्यावर आपल्या माणसांनी शंभर-दीडशे वर्षे पोट भरले, मुलींना शिकवले, लग्ने आणि मयती पार पाडल्या, त्याच्या जपणुकीची जबाबदारी झटकता येत नाही.

आणि ती आज झटकली जात आहे. मुंबईतल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास होतो, नव्या घराच्या लिफ्टमध्ये ग्रँड पियानो शिरत नाही, मुले परदेशी असतात. गोव्यातली मोठी घरे वर्षातले बरेच महिने बंद असतात आणि आत पावसाळा आपले काम करत राहतो. मग पियानो जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जातो. तिथे त्याची किंमत दोन गोष्टींवर ठरते. बाहेरची पेटी शिसवीची किंवा महोगनीची असेल तर तिचे टेबल किंवा मद्याचे कपाट होते; बिडाची चौकट भंगारात वजनावर जाते. साउंडबोर्ड, घोड्या, पट्ट्या, हातोड्यांची यंत्रणा यांना त्या बाजारात गिऱ्हाईक नाही. वाद्य म्हणून जे काही होते ते असे एका दुपारीत संपते.

या वाद्यात नेमके काय गमावले जाते ते समजण्यासाठी त्याच्या आत डोकवायला हवे. मोठ्या ग्रँड पियानोत ८८ पट्ट्या, सुमारे २३० तारा आणि बारा हजारांच्या आसपास सुटे भाग असतात. मधल्या आणि वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन तारा, खाली आधी दोन, मग अगदी खर्जात एकच, तांब्याने मढवलेली जाड तार. या सगळ्या तारांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. हा भार लाकडाला पेलेना, म्हणून चौकट लोखंडाची झाली. बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने १८२५ मध्ये एकसंध ओतीव चौकटीचे पेटंट घेतले, जोनास चिकरिंगने १८४३ मध्ये ती ग्रँड पियानोत आणली, आणि १८५९ मध्ये स्टाइनवेने खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरक्या नेण्याची रचना ग्रँडसाठी पेटंट केली. आजचा जवळजवळ प्रत्येक पियानो याच रचनेवर उभा आहे.

पण त्याआधीच्या आणि त्याच काळातल्या इतर पेढ्यांच्या रचना वेगळ्या होत्या. फ्रान्सच्या एरार पेढीच्या पियानोत तारा सरळ, एकमेकींना समांतर जात. त्यामुळे खर्ज, मध्य आणि तार या तीन भागांचा नाद वेगवेगळा ओळखू येई, बोलणाऱ्या तीन माणसांसारखा. ब्ल्यूथनरने १८७३ मध्ये वरच्या स्वरांना एक चौथी, हातोडीचा स्पर्श न होणारी तार जोडून तिच्या अनुनादातून वेगळीच चमक आणली. प्रत्येक पेढीच्या तारांची लांबी, जाडी आणि ताण यांचे गणित निराळे, आणि नाद त्या गणितातच असतो. हे गणित कागदावर क्वचितच मिळते. बहुतेक वेळा ते त्या वाद्यातच, मूळ तारांच्या आणि घोड्यांच्या रूपाने, लिहिलेले असते. म्हणूनच जुन्या वाद्याच्या तारा न मोजता उपटून टाकणे म्हणजे एकमेव हस्तलिखित न वाचता जाळणे आहे.

चुकीच्या दुरुस्तीत काय होते याचा हिशेब कोणालाही करता येईल. तारेचा ताण तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मिलिमीटर जाडीच्या तारेच्या जागी १.०५ मिलिमीटरची तार घातली, फरक फक्त पाच शतांश मिलिमीटरचा, तर त्या तारेचा ताण दहा टक्क्यांनी वाढतो. संपूर्ण पियानोत अशाच ‘जवळपासच्या’ तारा घातल्या तर १८ टनांच्या वाद्यावर जवळजवळ दोन टन जास्तीचा भार पडतो. त्यात सुराच्या पट्टीची भर पडते. फ्रान्सने १८५९ मध्ये मध्यातल्या ‘ए’ या स्वरासाठी सेकंदाला ४३५ कंपने ठरवली होती. आजचे प्रमाण ४४० चे आहे. त्या काळच्या मापाने घडवलेला पियानो आजच्या पट्टीत ओढून बसवला की ताण आणखी दोन टक्क्यांहून अधिक चढतो, म्हणजे चारशे किलोच्या आसपास. घोडीखालचा साउंडबोर्डचा बाक (उंचवटा) बसतो, खुंट्यांचा ठोकळा चिरतो, आणि दुरुस्तीला आणलेल्या वाद्याची बिडाची चौकटच तडकली तर त्यावर सहसा इलाज राहत नाही. बीड जोडणे हे लोखंड जोडण्याइतके सोपे नसते.

हे सगळे अज्ञानामुळे होते, आणि घाईमुळे. खुंट्या सैल झाल्या की ठोकळ्याला खालून आधार न देता त्या आत ठोकायच्या, नाहीतर भोकात पुठ्ठा किंवा पॉलिशपेपर घालून बसवायच्या. गंजलेल्या तारांवर वंगण फवारायचे, ते खुंटीच्या भोकात उतरते आणि खुंटी कायमची घसरते. चिरलेल्या साउंडबोर्डात इपॉक्सी भरायची. वरून काळे पॉलिएस्टर, आत चौकटीला सोनेरी रंगाचा फवारा. वाद्य दिसायला नवे होते, मालक पैसे मोजून समाधानाने घरी जातो, आणि दोन पावसाळ्यांत सूर सुटतो. तेव्हा त्या वाद्याच्या मूळ खुणाही उरलेल्या नसतात, त्यामुळे जाणता कारागीर भेटला तरी तो कशाच्या आधारावर काम करणार?

जुन्या कारागिरांनी सरस वापरला होता, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे. प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. म्हणजे आज जोडलेला सांधा शंभर वर्षांनी दुसऱ्याला उकलता येतो, तपासता येतो, पुन्हा जोडता येतो. इपॉक्सीचा सांधा लाकूड फाडल्याशिवाय उकलत नाही. चांगल्या दुरुस्तीची पहिली अट हीच आहे की, पुढच्या माणसाला ती उलटवता आली पाहिजे.

योग्य रीतीने तारा बदलायच्या तर काम तार काढण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. प्रत्येक स्वराच्या तारेची जाडी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजायची, कारण गंज एका ठिकाणी फसवू शकतो. कोणत्या स्वरापासून जाडी बदलते ते टिपायचे, लांबी टिपायची, घोडीवर तार किती दाबते ते पाहायचे. मग पियानोखाली झोपून साउंडबोर्डच्या आडव्या पट्टीवर दोरा ताणायचा. मध्यभागी दोरा आणि लाकूड यांत फट दिसली तर बाक शाबूत आहे, दोरा सपाट टेकला तर बाक बसला आहे. पहिल्या पट्टीच्या कडेवर किंवा चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेल्या जुन्या सह्या, तारखा आणि अनुक्रमांक शोधायचे. कारखान्यातला कामगार आणि त्यानंतरचे प्रत्येक पिढीतले दुरुस्तीवाले या वाद्यात आपली खूण ठेवून गेलेले असतात, आणि रंगकामात ती पहिली पुसली जाते.

त्यानंतर ताण उतरवायचा. तोही एका बाजूने सरसकट सोडून नव्हे. सगळ्या खुंट्या थोड्या थोड्या, अनेक फेऱ्यांत, म्हणजे वर्षानुवर्षे ओझ्याखाली असलेली चौकट आणि लाकूड हळूहळू मोकळे होतात. खर्जाच्या मढवलेल्या तारा नमुना म्हणून जपून ठेवायच्या, कारण नव्या तारा त्यांच्याच मापाने गुंडाळून घ्याव्या लागतात. साउंडबोर्डमधल्या भेगा स्प्रूसच्या पातळ कामट्या घालून भरायच्या. ठोकळा सशक्त असेल तर जुन्या सात मिलिमीटरच्या खुंट्यांच्या जागी एक-दोन दशांश जाड खुंट्या. नसेल तर ठोकळाच नवा करावा लागतो, आणि तो निर्णय मोजमाप करूनच घ्यायचा असतो. मग एकेक तार चढवायची. बहुतेक पियानोंत एकच तार मागच्या खिळ्याला वळसा घालून दोन तारांचे काम करते. खुंटीवर तीन वेढे, एकमेकांना घट्ट चिकटलेले, वर-खाली न सरकलेले. या तीन वेढ्यांवरून कारागिराची जात ओळखता येते. शेवटी लाकडाच्या कामटीने तार छेडत सगळे वाद्य सुराच्या जवळ आणायचे, आणि नव्या तारा महिनोन्‌महिने ताणत राहतात म्हणून पुनःपुन्हा सुरात लावायचे. यातली कोणतीही पायरी पुस्तकातून येत नाही. ती हातात यावी लागते, दुसऱ्याच्या हाताकडे बघत.

आपल्याकडे तर ही कामे आणखी अवघड होतात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांच्या वर राहतो. साउंडबोर्ड फुगतो, सूर चढतो, पट्ट्या अडकतात. डिसेंबरात लाकूड आकसते आणि सूर उतरतो. त्यात वाळवी, लाकडातली कीड, हातोड्यांचा नमदा खाणारी कसर, आणि पट्ट्यांखाली घरटे करणारे उंदीर. विलायती पेढ्यांनी उष्ण प्रदेशांसाठी खास पियानो केले, त्यांत सांध्यांना पितळी स्क्रू घातले, कारण नुसता सरस इथल्या हवेत टिकणार नाही हे त्यांना माहीत होते. या खास वाद्यांचा अभ्यास इथे व्हायला हवा. त्यांची दुखणी इथल्या हवेची आहेत आणि त्यांवरची औषधेही इथल्याच अनुभवातून निघाली आहेत. पाश्चात्त्य कारागिराला स्टाइनवेची रचना पाठ असेल, पण सावंतवाडीच्या पावसात पियानोचे काय होते हे त्याला ठाऊक नसते. ते मुंबईच्या आणि गोव्याच्या म्हाताऱ्या ट्यूनरांना ठाऊक आहे. त्यांच्या मुलांनी हा धंदा धरलेला नाही. आणि का धरावा? काम वर्षातून दोनदा, गिऱ्हाईक तुटपुंजे, विमा नाही, पेन्शन नाही, समाजात ओळख नाही.

सगळेच जुने पियानो वाचवण्यासारखे नसतात, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. भरभराटीच्या काळात पुष्कळ स्वस्त, हिणकस वाद्येही निघाली. वाळवीने साउंडबोर्ड खाल्लेला, चौकट तडकलेला पियानो उभा करण्यात शहाणपण नाही. त्याची कळसूत्रे, पट्ट्या, स्क्रू दुसऱ्या वाद्याच्या कामी यावेत. पण कोणते ठेवायचे आणि कोणते मोडायचे हे ठरवायलाही जाणकार लागतो. आज तो निर्णय भंगारवाला करतो आहे.

जुने वाद्य नीट जपले तर ते भूतकाळाची आठवण म्हणूनच राहते असे नाही, त्यातून नवे काही निर्माणही होते. पियानोवादक डॅनिएल बारेनबोइम यांनी २०११ मध्ये इटलीत सिएनाला संगीतकार फ्रान्झ लिस्टचा दुरुस्त केलेला पियानो वाजवला आणि सरळ तारांच्या त्या नादाने ते इतके भारावले की बेल्जियमचे वाद्यकार क्रिस मॅने यांच्याकडून त्यांनी समांतर तारांचा नवा ग्रँड पियानो घडवून घेतला. २०१५ मध्ये तो लंडनमध्ये जगासमोर आला. वॉर्सामध्ये २०१८ पासून शोपँच्या काळातल्या वाद्यांवर वादनाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. जी रचना कालबाह्य म्हणून मोडीत काढली होती, तिच्यात आजच्या कलावंतांना नवा विचार सापडला. तो सापडला कारण कोणीतरी ते जुने वाद्य समजून दुरुस्त केले होते. मॅने जुनी वाद्ये उघडून शिकलेच नसते, तर बारेनबोइम यांची इच्छा कोण पुरी करणार होते?

हुन्नर कसा टिकवतात हे आपल्याला शिकायला लांब जावे लागत नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे आणि सतारी घडत आल्या आहेत. भोपळा निवडणे, जवारी लावणे हे ज्ञान घराघरांतून, वडिलांकडून मुलाकडे आले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरांचे प्रश्न त्याने सुटले असे नाही. पण सरकारने, समाजाने आणि गवयांनी वाद्यामागचा हात ओळखला, ही मोठी गोष्ट आहे. पियानोचा कारागीर आपल्याकडे अजून ओळखलाही गेलेला नाही. जर्मनीत पियानो घडवण्याची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते, तिला परीक्षा असते, पदवी असते. इथे हाच माणूस फोन नंबरांच्या वहीत ‘पियानोवाला’ म्हणून असतो.

अंध तरुणांसाठी हा व्यवसाय किती मोठा आधार होऊ शकतो, याचा धडा तर जुनाच आहे. पॅरिसच्या क्लोद मोंताल या अंध कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पियानो सुरात लावण्याची पद्धत स्वतः बसवली, १८३६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि अंध मुलांना ही विद्या शिकवण्याचा मार्ग घालून दिला. युरोप-अमेरिकेत त्यानंतर कित्येक पिढ्या अंध ट्यूनर सन्मानाने जगले. महाराष्ट्रात अंधांसाठी जुन्या, नावाजलेल्या शाळा आहेत, तिथे संगीत शिकवले जाते. पण ट्यूनिंगसारखी, कानावर आणि बोटांवर उभी असलेली विद्या तिथे व्यवसाय म्हणून रुजवण्याचा गंभीर विचार व्हायला हवा, आणि तोही ही विद्या शिकवू शकणारे ट्यूनर हयात असतानाच.

मग करायचे काय? पहिली गोष्ट नोंदीची. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. पण सक्तीची नोंदणी शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांचीच आहे. वाद्ये त्यात नाहीत. चर्च, शाळा, क्लब आणि खासगी घरांतल्या जुन्या पियानोंची, आणि खरे तर सगळ्याच जुन्या वाद्यांची, एक स्वेच्छेची पण सरकारमान्य नोंद महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही सरकारांनी सुरू करावी. पेढी, अनुक्रमांक, अवस्था, छायाचित्रे आणि तारांची मोजमापे एवढे टिपले तरी पुढच्या शंभर वर्षांचा आधार उभा राहील.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. रतन टाटा महाराष्ट्र राज्य कौशल्य विद्यापीठ, गोव्याची कला अकादमी, मुंबईचे राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र या तिघांनी मिळून पियानो आणि हार्मोनियम या दोन्हींच्या दुरुस्तीची दोन-तीन वर्षांची उमेदवारी सुरू केली तर तिला भरपूर काम मिळेल. दोन्ही कामांत लागणारा कान, सुराची जाण आणि लाकूडकाम यांचे मूळ एकच आहे. शिकवायला आजचे म्हातारे ट्यूनर बसवावेत, त्यांना प्रमाणपत्र विचारू नये, मानधन द्यावे. शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्यावे. पोट उपाशी ठेवून कोणी हुन्नर शिकत नाही.

तिसरी गोष्ट सामानाची. योग्य जाडीची तार, खुंट्या, नमदा, हातोड्या हे सगळे परदेशातून येते. संवर्धनासाठी येणाऱ्या सुट्या भागांवर शुल्काची सवलत हवी. हस्तिदंताच्या पट्ट्यांबाबतही स्पष्ट नियम हवेत. हस्तिदंताच्या व्यापारावरची आपल्या देशाची बंदी योग्यच आहे, तिला धक्का लागू नये. पण जुन्या वाद्यावर बसलेला हस्तिदंत सरकारी धसक्याने उपटून फेकण्याची वेळ मालकावर येऊ नये. ब्रिटनच्या कायद्याने १९७५ पूर्वीच्या, वीस टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वाद्यांना सूट दिली आहे. तिथे बंदीही टिकली आणि वाद्येही वाचली.

चौथी गोष्ट मालकांची. घरात जुना पियानो असेल तर चकाकीचा मोह आवरा. पॉलिश करण्याआधी आत काय आहे ते कोणा जाणत्याला दाखवा. काम देताना लेखी मागा: जुन्या तारांची मोजमापे, कोणते भाग बदलणार, कोणते ठेवणार, कोणता डिंक वापरणार. काढलेले भाग परत घ्या आणि जपून ठेवा. पियानो विकायचाच असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी शाळेला, चर्चला, संगीताच्या वर्गाला विचारा. आणि जो ट्यूनर दर वर्षी येतो त्याच्याबरोबर एखाद्या तरुणाला बसू द्या.

चारही गोष्टी परवडण्यासारख्या आहेत. एका उड्डाणपुलाच्या रंगरंगोटीच्या खर्चात अशा उमेदवारीची कित्येक वर्षे निघतील. मुदत मात्र आपल्या हातात नाही. पावसाळ्यातला साउंडबोर्ड, चौकटीवरचा ताण आणि नव्या तारेचे खुंटीवरचे तीन वेढे ज्या हातांना कळतात ते हात आज मुंबईत आणि गोव्यात अजून काम करत आहेत, पण फार दिवस करणार नाहीत. त्यांनी काम थांबवले की स्टाइनवेच्या कारखान्यातून माणूस बोलावूनही ते ज्ञान परत येणार नाही. म्हणून सरकारने, संस्थांनी आणि पियानो बाळगणाऱ्या प्रत्येक घराने पहिले काम हे करावे की, त्या माणसांना शोधून काढावे, त्यांच्यापुढे शिष्य बसवावेत आणि त्या दोघांच्याही पोटाची सोय करावी. तारा पुढच्या वर्षीही मिळतील. शिकवणारा पुढच्या वर्षी असेलच असे नाही.